पायरीपाशी थांबलेली कुत्री

मॅलकी: दोन्ही कान पाहिलेत ना? गोंदण जुळलं? मग चहा घ्या आणि निघा.

फिनोला: जुळलं. ही नॉकबॉय क्वीनच. जिवंत आहे हे बघून बरं वाटलं.

मॅलकी: ऐकलंस ब्रीजी? बाईंना वाटलं, मी हिला खड्ड्यात पुरलं.

फिनोला: अंदाज बांधणं आमचं काम नाही. बघणं आहे.

मॅलकी: निवृत्त कुत्र्यांवर स्वतंत्र देखरेख म्हणे! कुणापासून स्वतंत्र? कुत्र्यांच्या शर्यती बंद करा म्हणून ट्रॅकच्या फाटकावर बोंबलणाऱ्यांपासून?

फिनोला: त्यांच्यापासूनही आणि तुमच्यासारख्या कुत्रेवाल्यांपासूनही. मिसेस कॉन्वे, तुमचे भाऊ म्हणतात, शर्यतीत धावणं थांबल्यापासून कुत्री तुमच्याच घरात असते.

ब्रीजी: तो म्हणतोय ना. सोडा ब्रेड घ्या, आजचाच आहे.

फिनोला: झोपते कुठे?

ब्रीजी: वर. माझ्या खोलीत.

मॅलकी: पलंगावर! उशी लागते राणीसरकारांना.

फिनोला: मग वरून हाक मारा तिला.

मॅलकी: हा काय पोरखेळ?

ब्रीजी: मारते की.

(ब्रीजी जिना चढून जाते. कुत्री पहिल्या पायरीपाशी थांबते.)

ब्रीजी: ये गं. ये वर.

(कुत्री पायरी हुंगते.)

मॅलकी: तुम्हाला बुजलीय.

फिनोला: कान धरले तेव्हा शेपूट हलवत होती. आता पायरी हुंगतेय. पाय कुठे टाकायचा ते कळत नाहीये तिला. मघाशी काचेच्या दारावर नाकही आपटलं. कुत्र्यांच्या खुराड्यात काच नसते, मिस्टर टूही. जिनाही नसतो.

मॅलकी: पाय दुखतो तिचा. उभा जन्म धावलीय.

फिनोला: आणि आचळं? तीही धावून ओघळली?

मॅलकी: एकदा व्यालीय. रीतसर. नोंद आहे.

फिनोला: ती पिल्लं आता मोठी झाली असतील. हिला आत्ता दूध आहे.

मॅलकी: तुम्ही काय जनावरांच्या डॉक्टर?

फिनोला: डॉक्टर गाडीत बसल्यात. बोलावू?

मॅलकी: हनराहननं फोन केला ना तुम्हाला? थर्ल्सच्या शर्यतीत माझा कुत्रा त्याच्या कुत्र्यापुढे गेल्यापासून पोटात दुखतंय त्याच्या.

फिनोला: फोन कुणाचा ते आम्ही सांगत नसतो. पिल्लं कुठे आहेत?

मॅलकी: कुठली पिल्लं?

फिनोला: बरं. डॉक्टरांनाच दाखवू. चल पेग, बाहेर जाऊ. ये, पेग. शहाणी गं ती, कशी लगेच आली!

मॅलकी: काय म्हणालात?

फिनोला: बाहेर जाऊ म्हणाले.

मॅलकी: नाव. नाव काय घेतलंत?

(फिनोला जिन्याकडे बघते.)

मॅलकी: कागदावर नॉकबॉय क्वीन. ट्रॅकवर नॉकबॉय क्वीन. हनराहनला विचारा, तोही क्वीनच म्हणेल. पेग मी एकटा म्हणतो, खुराड्याचं दार लावल्यावर. आमच्या आईचं नाव आहे ते. पबात हसतील म्हणून बाहेर कधी तोंडातून काढलं नाही. ब्रीजी सोडून कुणाला ते ठाऊक नाही.

फिनोला: मिस्टर टूही, माझं ऐका…

मॅलकी: ब्रीजी. खाली ये.

ब्रीजी: इथूनच बोलते. बाई, पिल्लं याच्या जुन्या दूधघरात आहेत, दाराला आडणा लावलाय. सकाळपासून आईविना आहेत, आधी तिकडे जा.

मॅलकी: ब्रीजी!

ब्रीजी: तू म्हणालास ही पिल्लांची शेवटची खेप. मग पुन्हा शेवटची. मग ही.

मॅलकी: नोंद नसलेली पिल्लं सापडली तर परवाना जाईल माझा.

ब्रीजी: माहीत आहे.

मॅलकी: काल म्हटलं, कुत्री तुझ्याकडे आणून दाखवू, तर लगेच हो म्हणालीस. का म्हणून विचारलंसुद्धा नाहीस.

ब्रीजी: इथे आणलीस तरच ती तुझ्या फाटकाबाहेर पडणार होती.

मॅलकी: आणि वर झोपते म्हणालीस, तेही मुद्दाम?

ब्रीजी: जिना बाईंना दिसतच होता. मी फक्त बोट दाखवलं.

मॅलकी: आईची शपथ, मी हिला कधी मारलं नाही. हात लावला नाही.

ब्रीजी: आईलाही कुणी मारत नव्हतं, मॅलकी. नऊ भावंडं झालो आपण. पुरे आता, असं तिला कुणी कधी म्हणालं नाही.

(मॅलकी दाराकडे वळतो.)

फिनोला: दूधघराची किल्ली?

मॅलकी: किल्ली नाही. आडणा उचला. जड आहे, मी येतो.

फिनोला: मिसेस कॉन्वे, आधी दवाखाना, मग हिच्यासाठी घर शोधावं लागेल.

ब्रीजी: घर आहे की. जिना तेवढा शिकवावा लागेल.