मुंबईची चकती

जागेवर न जाता पंचनामा लिहिणाऱ्या तलाठ्याला मी पेपरात झोडपलं, त्याचं तुम्ही अजून कौतुक करता. मग हेही ऐका.

पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. डोळ्यांना लावून खटका दाबला की चित्र बदलायचं, त्या यंत्राची निघालेली प्रत्येक चकती मी जमवत होतो. एकेका चकतीवर सात चित्रं. फक्त मुंबईच्या समुद्राची राहिली होती. ती निघाली किन्हीराजा गावात, अंजनाबाईंकडे. मुंबईला कामाला गेलेल्या मुलानं पाठवलेली. मी मागितली.

"न्या ना भाऊ, माह्याकडं यंत्र कुठं हाय? पाहून सांगा फक्त, पोरगा कशा जागी राह्यते."

चकती डब्यात गेली. संच पूर्ण! त्याच आठवड्यात तलाठ्याची बातमी छापून आली.

पुढे त्यांच्या गावाजवळच्या मालेगावच्या बाजारात बाई भेटल्या. "पाह्यलं का भाऊ?"

"पाहिलं की. झकास!"

"मानसं हायेत ना थितं?"

"भरपूर!"

"बरं झालं बाप्पा. मी उनात धरून पाह्यलं, तं मले निरं पानीच दिसे. वाटे, पोरगा एकटाच हाय का काय."

घरी येऊन ती चकती पहिल्यांदा यंत्रात घातली. सातही चित्रं पाहिली. एकातही माणूस नव्हता.