साहेबाच्या वडिलांची वाइन

हसाल तुम्ही, पण इंग्लंडमध्येही द्राक्षाची वाइन बनते! साठच्या दशकात मी शारजात क्लार्क होतो, तेव्हा आमच्या इंग्रज साहेबाच्या वडिलांनी तिकडे घरामागे द्राक्षं लावलेली. त्यांच्या वाइनची पहिली पेटी बोटीनं आली. साहेबाची छाती काय फुगली म्हणता! संध्याकाळी त्यानं ऑफिसातच ग्लास भरले.

मी छातीवर हात ठेवला. "साब, हमारे में नहीं चलता."

"ऑफ कोर्स, सॉरी," म्हणत तो इंग्रज अकाउंटंटकडे वळला. अकाउंटंटनं घोट घेतला आणि कच्ची कैरी चावल्यासारखं तोंड केलं. तरी बिचारा म्हणाला, "एक्सलंट!" साहेबानं खूश होऊन त्याचा ग्लास पुन्हा काठोकाठ भरला.

पुढच्या आठवड्यात परत बाटली निघाली. या वेळी अकाउंटंटनं थेट माझ्यासारखा छातीवर हात ठेवला. "साब, हमारे में नहीं चलता."

शिकवणी माझीच होती, म्हणून मी फायलीत तोंड खुपसलं. साहेबानं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बाटलीला बूच लावलं.

"यल्ला, चल, मलाही शिकव," तो मला म्हणाला. "सुट्टीत मला वडिलांकडेच राहायचंय."