चार फेऱ्या

काढा, काढा ती फळी. नाही हो, 'असू दे, कुठे अडतेय' असं नाही — अडते, मला अडते. सुरांची वही टेकवायची फळी उभी दिसली की पहिल्या रांगेतल्या बायका एकमेकींना कोपराने ढोसतात, अगं, बघून वाजवणार वाटतं! छत्तीस वर्षं मी स्टेजवर वही नेलेली नाही आणि आज सात वाजताही नेणार नाहीये. ठेवा तिकडे पडद्यामागे. हां. आता तुम्ही तुमचं काम करा, पियानोच्या तारा लावा, मी इथे स्टुलावर गप्प बसते. म्हणजे तुम्ही कान लावाल तेव्हा गप्प, मधल्या वेळात बोलणार — तुमच्याशी नाही तर कोणाशी बोलू, मॅनेजरशी? तो मेला फोनला चिकटलेला. आणि हातमोज्यांकडे काय बघताय? हॉल आहे की बर्फाचा कारखाना, बोटं एकदा गारठली की तासभर कामाला येत नाहीत, म्हणून मांडीवर ही गरम पाण्याची पिशवी. लोकांना वाटतं कलावंत म्हणजे काय रुबाब असेल! दुपारी चार वाजता रिकाम्या हॉलमध्ये मांडीवर पिशवी घेऊन बसलेली बाई — हा रुबाब.

आणि शी, ती वरची पट्टी बघितलीत का, तिसरी, उजवीकडून? चिकट आहे. दाबली की खालीच राहते. काल इथे बक्षीस समारंभ होता म्हणे, म्हणजे कोणीतरी सरबताचा पेला ठेवला असणार पियानोवर — ठेवतातच, सपाट दिसलं की ठेवतात, तबला असता तर धजावले असते का? माझं अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या बोटांचा चिकटा पुसण्यात गेलंय, पावडर, घाम, एकदा तर पेडलखाली च्युइंगम. बाकीचे वादक आपापलं वाद्य काखोटीला मारून येतात. आम्ही गावोगाव जाऊन परक्याच्या अंथरुणात झोपल्यासारखं परक्याच्या पियानोवर बसायचं, आणि वर म्हणायचं, वा, छान आहे हं तुमचा पियानो. मी म्हणते. गेली छत्तीस वर्षं म्हणतेय. जिभेला काही हाड?

कार्यक्रम संपल्यावरचं तर विचारूच नका. रांग लागते हात मिळवायला. ओले हात, थंड हात, नुकताच समोसा — जाऊ दे, नुकतंच काहीतरी तेलकट खाल्लेले हात, आणि दाबतात हो! माझं पोट ज्या बोटांवर चालतं तीच दाबतात प्रेमाने. मग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फुलं, त्यांचा तो दवाखान्यासारखा वास, आणि एक जण तरी असतोच, 'आमची छोटीही शिकते, दोन मिनिटं ऐकता का?' मी हसते. गाल दुखेपर्यंत हसते, आणि खोलीवर जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुते. दोनदा. पूर्वी असं नव्हतं होत बरं का, पूर्वी मला आवडायचे ते हात. हे गेल्या महिन्यापासून. म्हणजे — त्या कार्यक्रमापासून.

तुम्ही होतात की तिथे. हो, तुम्हीच लावला होता पियानो, विंगेत उभे होतात, करड्या शर्टात. मग तुम्हाला सांगायला काय हरकत आहे? आजचीच रचना होती, ही मोठी, पाऊण तासाची. तिच्या पहिल्या भागात एक जागा आहे — सहा ओळी अगदी डिट्टो दोनदा येतात. पहिल्यांदा त्या ओळींच्या शेवटी डावा हात खाली उतरतो आणि सगळं फिरून परत त्याच ओळींवर येतं. दुसऱ्यांदा डावा हात तिथेच थांबतो, एकच सूर बदलतो, आणि वाट शेवटाकडे निघते. एक सूर! तो चुकून पहिल्यासारखा वाजला की तुम्ही परत मागे, परत त्या सहा ओळी, परत त्याच नाक्यावर. आमच्या धंद्यात हिला सगळे घाबरतात — सूर चुकला तर निभावून नेता येतं हो, पण ही चूक ऐकायला चूक वाटतच नाही. सगळं गोड, सगळं जागच्या जागी, फक्त बाहेर पडायचं दार सापडत नाही. मी फिरले. परत आले, म्हटलं आता नक्की, आणि डावा हात आपला खाली उतरला. परत फिरले. घामाने पाठ भिजली. शेवटी सापडलं दार की मीच कुठूनतरी भिंत फोडली, मला आजही माहीत नाही.

आणि टाळ्या! उभे राहून टाळ्या, पाच मिनिटं. अहो, मी हरवले होते त्यांच्या देखत आणि ते टाळ्या पिटत होते. त्या पेपरवाल्याने काय लिहिलं माहितीये? 'पुनरावृत्तीतून त्यांनी काळ थांबवला.' काळ थांबवला! माझ्या डोक्याने दगा दिला होता, शहाण्या. मला त्या सगळ्यांची किळस आली — आणि त्यांच्यापेक्षा माझी, कारण मी वाकले. छातीवर हात ठेवून तीनदा वाकले. तुम्हाला कळलं होतं का? खरं सांगा. पाना खाली ठेवा आणि इकडे बघा. … कळलं होतं. मला वाटलंच, त्या दिवशी नमस्कार न करता गेलात.

म्हणजे हॉलमध्ये दोघांना कळलं. दुसरी माझी ताई. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, तिनेच मला शिकवलं, आणि प्रत्येक कार्यक्रमाला तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीत बसते, पाठ ताठ, पर्स मांडीवर. दुसऱ्या दिवशी बरोब्बर दहा वाजता फोन — इथे घाई केलीस, तिथे पेडल सोडायला उशीर केलास. कौतुक नावाचा पदार्थ तिच्या घरात शिजतच नाही. त्या दिवशीही दहाला फोन आला. म्हणाली, 'चार वेळा.' बस. मी म्हटलं, काय चार वेळा? म्हणाली, 'चार वेळा फिरलीस.' मी फोन आपटला. महिना झाला, बोललेले नाही. तिला समजायला नको? माझं वय, माझं नाव, आज वही घेऊन बसले तर उद्या सगळीकडे होईल — संपली बाई. आणि नाही घेतली आणि परत तसंच झालं तर? कार्यक्रम बदला म्हटलं तर मॅनेजर म्हणतो पोस्टर छापून झालीत. म्हणजे आज सात वाजता मला त्याच नाक्यावर जायचंय, आणि तिसऱ्या रांगेत ती बसणार, बोटांवर मोजत, एक, दोन —

मोजते कशाला ती, ते मला माहितीये ना. सांगते, तुम्ही लावत राहा. घरात पियानो एक आणि मुली दोन. सकाळचे चार तास ताईचे, शाळेनंतरचे दोन माझे. सकाळचे तास म्हणजे सोनं, डोकं ताजं असतं, बाबाही घरी असायचे ऐकायला. ताई एकोणीस वर्षांची असताना मोठ्या स्पर्धेत वाजवायला बसली — हो, हीच रचना — आणि त्याच जागी फिरली. माझ्याशिवाय कोणाला कळलं नाही. मी बारा वर्षांची, पहिल्या रांगेत पाय हलवत बसलेली. तिला दुसरं बक्षीसही मिळालं. घरी सगळे जेवायला बसले, बाबा खूश, आणि मी भर पंगतीत म्हटलं, 'ताई तीनदा फिरली.' बाबांनी घास खाली ठेवला. म्हणाले, 'तीनदा?' ताई ताटाकडे बघत राहिली. पुढच्या सोमवारपासून सकाळचे तास माझे झाले. ताई मग शिकवायलाच लागली, आधी मला, मग गावभरच्या पोरींना. त्या जेवणाबद्दल एक अक्षर बोलली नाही कधी, चाळीस वर्षांत नाही.

आणि — तुम्ही काही बोलू नका हं यावर — ती दोनदाच फिरली होती. मी तीन सांगितलं. दोन म्हणजे जरा कमी वाटत होतं मला.

माझ्या फेऱ्या मात्र तिने बरोबर मोजल्या. मी रेकॉर्डिंग ऐकलं नंतर, दार लावून. चार. एकही वाढवली नाही.

जाऊ दे. ते पाकीट द्या इकडे, पियानोच्या पायाशी ठेवलंय ते, जाड. सकाळी तिने ड्रायव्हरबरोबर पाठवलं, मी बघितलंही नाही, आणखी एक यादी असेल चुकांची. तुम्हीच फाडा, मी मोजे काढत नाही. … काय आहे? वही? उघडा बरं. अरे देवा, ही तिचीच, स्पर्धेतली — काय कळकट झालीय, कव्हर सुटलंय, वास बघा कपाटाचा. आणि इथे, बघा, लाल पेन्सिलीने गोल केलाय. तोच सूर. पेन्सिल ताजी आहे हो ही, मोज्याला लागतेय. आणि चिठ्ठी… चष्मा नाहीये, तुम्ही वाचा.

काय? परत वाचा.

'पानं उलटायला मी बसले तर चालेल का?' एवढंच? पुढे काही नाही? पाठीमागे बघा. … विचारतेय. ही बाई आयुष्यात कोणाला विचारत नाही, थेट सांगते. आणि 'चालेल का'. पंचेचाळीस मिनिटं तिला स्टेजवर बसायचंय, सगळ्यांसमोर, त्याच रचनेला. स्पर्धेनंतर ती स्टेजवर चढलेली नाही.

काय वेडपणा आहे. बायका कोपराने ढोसणार. पेपरवाला लिहिणार.

ती फळी आणा इकडे. हो, तीच, मघाशी काढायला लावली ती, तोंड काय बघताय? बसवा नीट, हलता कामा नये. आणि डावीकडे एक खुर्ची लागेल — पाठीला टेकायला असलेली, तिची कंबर धरते. मॅनेजरला सांगू नका, मी सांगेन. आणि ती तिसरी पट्टी अजून चिकटतेय. ती करा आणि निघा आता — मला एक फोन करायचाय, आणि तुमच्यासमोर नाही करायचा.