खोटं माप

मास्तर : हात सोडा, साहेब. असा कोट धरून उभे राहिलात तर मला दिसणार काय?

बाबा : सोडले की खांदे घसरतात हो.

मास्तर : घसरू द्या. कच्ची शिलाई आहे, ट्रायल असते ती त्यासाठीच. सोडा बघू... अरे देवा!

बाबा : फार वाईट दिसतंय?

मास्तर : खुंटीला टांगल्यासारखा दिसतोय. मागे वळा जरा. पाठीत हे एवढं कापड जास्त? असं कसं झालं? माप मीच घेतलं, तुमची लेक इथेच या स्टुलावर बसली होती. टेप द्या इकडे.

बाबा : असू दे हो. मास्तर, माझं तुमच्याकडे एक वेगळंच काम होतं. म्हणून तर आज लेकीच्या तासभर आधी आलो.

मास्तर : थांबा, आधी हा गुंता सुटू दे. छाती... छे! परत घेतो. कंबर... नाही, साहेब. माझंच चुकलं. पोरगा म्हणत होता ते खरं.

बाबा : काय म्हणत होता?

मास्तर : म्हणत होता, डोळे गेले तुमचे, दुकान बंद करा, घरी बसा. मागे एकाची पँट आखूड झाली तेव्हाही म्हणाला. मी त्याला झाडला, म्हटलं, माझ्या कात्रीच्या जोरावर या परक्या मुलखात वाढलास, मला शिकवू नकोस.

बाबा : होतं कधीकधी. वय झालं की...

मास्तर : बोटभर इकडेतिकडे होतं. हे वीतभर आहे! वीतभर चुकणाऱ्याने कापडाला हात लावू नये. परवा तुमच्या लेकीचं लग्न. तुम्ही विमानातून उतरल्या उतरल्या बिचारी तुम्हाला घेऊन इकडे आली. म्हणाली, काका, सासरचे सगळे रुबाबात येणार, माझ्या बाबांनी जन्मात सूट घातला नाही, असा शिवा की बघत राहिले पाहिजेत. आणि मी हे पोतं शिवून ठेवलं. आज सांगून टाकतो पोराला, ओढ बाबा शटर.

बाबा : अहो, इतकं मनाला लावून घेऊ नका.

मास्तर : मग कशाला लावून घेऊ? दुसरं आहे काय माझ्याजवळ?

बाबा : मास्तर, बसा खाली. बसा म्हणतो ना. तुमचं माप बरोबर होतं.

मास्तर : समजूत घालू नका माझी.

बाबा : समजूत नाही. मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. तराजूच्या पारड्याखाली चिंच चिकटवणारे पकडले, लिटरच्या मापाचा तळ खालून ठोकून वर घेणारे पकडले. सगळ्यांना दंड केला, कुणाची गय केली नाही. या वेळी खोटं माप मी दिलं. त्या दिवशी माझ्या शर्टाच्या आत तीन बनियन होते, आणि त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर.

मास्तर : या उकाड्यात?

बाबा : विमान उतरायच्या आधीच घातले. त्या चिंचोळ्या संडासात कोपर भिंतीला आपटत होतं, बाहेरून लोक दार ठोठावत होते. तेव्हापासून रोज घालतो. झोपायच्या खोलीचं दार लावलं की काढतो. आज तुम्हाला खरं ते दाखवायचं म्हणून इथे येताना वाटेतच काढले. मला वाटलं होतं, मापाच्या वेळी तुम्ही काढायला लावाल आणि मी तुम्हाला डोळ्याने खुणावेन. पण ती समोरच बसली. तुम्ही शर्टावरूनच टेप फिरवलात, आणि मी गप्प राहिलो.

मास्तर : पण कशासाठी हा उपद्व्याप?

बाबा : तिला दिसू नये म्हणून.

मास्तर : काय दिसू नये?

बाबा : मी. उरलोय तेवढा.

मास्तर : ...पाणी देऊ?

बाबा : नको, पाणीही धड उतरत नाही. पोटात गाठ आहे. खाल्लेलं पुढे सरकत नाही. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब कापून काढायला हवी. मी म्हटलं, लेकीचं लग्न होऊ द्या.

मास्तर : आणि गाठ म्हणाली, बरं, थांबते?

बाबा : थट्टा करू नका.

मास्तर : थट्टा नाही हो. अंगावर काटा आलाय माझ्या.

बाबा : परवा लग्नाच्या सह्या झाल्या, जेवण झालं, की मी आपला परत. घरी पोचलो की सरळ दवाखान्यात दाखल. तिला नंतर सावकाश सांगेन. म्हणून म्हणतो मास्तर, हा कोट कमी करू नका. आतून भरा. कापूस भरा, फोम भरा, काय वाट्टेल ते भरा. तिने परवासाठी शर्ट आणलाय तो पातळ आहे, आत बनियन घातले की सगळं दिसतं. शिवाय घामाने दोनदा चक्कर आली मला. एका दिवसापुरता मला माणसासारखा उभा करा.

मास्तर : खांद्याला पॅड घालीन, छातीला थर देईन. ते माझ्या हातात आहे. पण गालांना काय लावू?

बाबा : दाढा काढल्यात म्हणून गाल बसलेत, असं सांगितलंय तिला.

मास्तर : आणि हे मनगट? कोटाच्या बाहीत दोन मावतील.

बाबा : हात खिशात ठेवीन.

मास्तर : जावई हात मिळवायला पुढे येईल तेव्हाही खिशातच?

बाबा : मास्तर, पाया पडतो तुमच्या...

मास्तर : अहो, काय करताय! उठा, उठा आधी. टाचण्या आहेत खाली, गुडघ्यात घुसतील. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, साहेब. ती पोर रोज तुमच्यासमोर जेवायला बसते ना? तिच्या लक्षात येत नाही?

बाबा : घास रुमालात घेतो. नंतर बाहेर फिरायला जातो आणि टाकून येतो.

मास्तर : सांगून टाका तिला. आज. आत्ता.

बाबा : तुम्हाला माहीत नाही. तिच्या आईच्या वेळीही लपवलं होतं मी. हिची इथली शेवटची परीक्षा होती. म्हटलं, पेपर होऊ देत. पेपर झाले, ती धावत आली, तेव्हा खाटेवरची गादीसुद्धा उचलली होती. माझ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. मग एकदा म्हणाली, बाबा, पुन्हा असं केलंत तर तुम्हाला मुलगी नाही असं समजा. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

मास्तर : आणि तरी?

बाबा : आणि तरीच! सांगितलं तर ती लग्न मोडून माझ्या उशाशी येऊन बसेल. आई गेल्यापासून इथून फोन करून मला औषधं घ्यायला लावते, जेवलात का विचारते. स्वतःकडे बघितलंच नाही पोरीने. आत्ता कुठे तिला तिचं माणूस मिळालंय. ते मी माझ्या पोटातल्या गाठीपायी घालवू? मी बाप आहे, मास्तर.

मास्तर : मीही कुणाचा तरी लेक होतो. माझा बाप गेला ते मला सगळं आटोपल्यावर कळवलं. का? तर मी इकडे एकटा, रडत बसेन म्हणून. मग काय, रडायचा राहिलो का? रडलोच. फक्त एकट्याने रडलो. परमुलखात राहणाऱ्याला घरचे सगळं शेवटी सांगतात, साहेब, आणि वर म्हणतात, तुझ्या सुखासाठी. असलं सुख जाळायचंय?

बाबा : तुमचा राग कळतो मला. पण एकच दिवस! नंतर तिने मला काय हवी ती शिक्षा द्यावी. कापूस आहे का सांगा. नसेल तर मी आणतो कुठून तरी, ती यायच्या आत—

(दारावरची घंटा किणकिणते. लेक आत येते, हातात बुटांचा खोका.)

लेक : बाबा! तुम्ही इथे? फिरायला जातो म्हणालात ना? मी अख्खी बाग पालथी घातली. फोन का उचलत नाही? बरं ते जाऊ दे, बूट मिळाले, एकदम भारी... काका, हे काय आहे?

मास्तर : कोट, ताई.

लेक : कोट? यात माझे बाबा शोधावे लागतील. परवा लग्न आहे काका! तुमच्याकडे एवढ्या विश्वासाने आणलं, वेळेवर पैसे भरले, आणि तुम्ही असं कसं—

मास्तर : चुकलं माझं. डोळे दगा देतात हल्ली. मी दुरुस्त करून देतो.

लेक : दुरुस्त? हे दुरुस्त होणारे का? माप घेता येत नसेल तर दुकान कशाला उघडून बसायचं?

बाबा : ठकू, त्यांना बोलू नकोस.

लेक : का नको बोलू? तुम्ही नेहमी असेच, कुणालाच काही—

बाबा : त्यांचं चुकलेलं नाही. त्यांनी माप बरोबर घेतलं. मी... आत कपडे घातले होते. जास्तीचे.

लेक : म्हणजे?

बाबा : आज काढून आलोय.

लेक : मला कळेल असं बोला. कोट काढा. काढा म्हणते ना, बाबा... आई गं. बाबा. ही हाडं... हे काय आहे? कधीपासून?

बाबा : दाढा काढल्यापासून खाणं जरा—

लेक : दाढा काढल्या की बरगड्या मोजता येतात? खरं सांगा. आईची शपथ घालू? काका, तुम्हाला माहीत आहे. तुमच्या तोंडावर दिसतंय. तुम्ही सांगा!

मास्तर : मी नाही सांगणार, ताई. ते त्यांनीच सांगायचं.

बाबा : गाठ आहे. पोटात. ऑपरेशन करायचंय. एवढंच.

लेक : एवढंच.

बाबा : डॉक्टर चांगले आहेत. म्हणाले, होईल बरं.

लेक : कधी करा म्हणाले?

बाबा : लवकर.

लेक : तारीख दिली होती का?

बाबा : ...तू लग्नाचं कळवलंस, त्याच सुमाराला. मी पुढे ढकलायला लावली.

लेक : म्हणजे मी फोनवर हॉलचे फोटो दाखवत होते, कुठला रंग चांगला दिसेल विचारत होते, तेव्हा तुम्हाला ऑपरेशन टेबलावर असायला हवं होतं. आणि तुम्ही म्हणालात, आकाशी घे.

बाबा : आकाशी शोभतो तुला.

लेक : गप्प बसा! मला वाटत होतं तुम्हाला माझ्या हातचं आवडत नाही. रोज नवीन काहीतरी करत होते. काल रात्री रडले मी. म्हटलं, बाबा माझ्या घरी पहिल्यांदा आले आणि पोटभर जेवतसुद्धा नाहीत. शब्द दिला होतात ना मला? माझ्या डोक्यावर हात ठेवून?

बाबा : मोडला. कबूल. पण तुझं लग्न मोडू नकोस, बाळा. मी हात जोडतो. तुला उभी राहून सही करताना बघायचंय मला. तेवढंच धरून इथवर आलो. ते नाही झालं तर आलो कशाला मी?

लेक : लग्न मोडते असं कोण म्हणालं?

बाबा : मी तुला ओळखतो.

लेक : नाही ओळखत. ओळखत असतात तर सांगितलं असतंत. लग्न परवाच होईल. सह्या झाल्या की पहिल्या मिळेल त्या विमानाने मी तुमच्याबरोबर निघते. तुमचा जावई बरोबर येईल नाहीतर मागून येईल, ते आम्ही बघून घेऊ. दवाखान्यात मी बोलते. आत्ता, इथूनच. तुमचं एकट्याने ठरवायचं दुकान आजपासून बंद.

बाबा : नवीन संसार सोडून माझ्या उशाशी—

लेक : हो. उशाशी. आईच्या बसता आलं नाही. बाबा, मला भीती वाटतेय. खूप भीती वाटतेय. पण मला इथे बसून एकटीने नाही घाबरायचं.

बाबा : मलाही वाटते गं. रोज वाटते. सांगायचं कुणाला?

लेक : मला! मला सांगायचं. दुसरं कोण आहे तुम्हाला? ...काका, मघाशी मी वाट्टेल ते बोलले. माफ करा.

मास्तर : सोडा, ताई. पुसा डोळे. हा रुमाल घ्या, धुतलेला आहे.

लेक : परवापर्यंत होईल कोट?

मास्तर : होईल. बाकीची कामं बाजूला सारतो. फक्त एवढं सांगा, साहेब म्हणतात तसा आतून भरू?

लेक : काही भरायचं नाही. त्यांच्या अंगाचा करा.

बाबा : अगं, सासरची माणसं बघतील. काय म्हणतील?

लेक : म्हणतील, मुलीचे बाबा आजारी आहेत आणि तरी आलेत. हात वर करा.

मास्तर : श्वास रोखू नका, साहेब. नेहमीसारखा घ्या. हं... छाती झाली. आता पाठ. पाठीत आणि दोन्ही बगलांत बरंच कापड निघेल, ताई. ते कापून टाकू, की शिवणीत दुमडून ठेवू? ठेवलं तर कोट थोडा जड लागेल. पण पुढेमागे अंग भरलं तर शिवण उसवून पुन्हा मोठा करता येतो.

बाबा : कापून टाका, मास्तर. उगीच ओझं कशाला.

लेक : कापू नका, काका. एक सूतसुद्धा कापू नका. सगळं आत ठेवा.