वानरं हाकलायचा बँड

आर्णीच्या बसस्टँडवर ढोल मांडीत घेऊन बसलेल्या माणसाला शेजारची बाई विचारत होती.

“भाऊ, बँडवाले काय तुमी?”

“हो मावशी. पन बँड काढाचा म्हनून नाही काढला. आमी तिघं भाऊ तुरीतले वानरं हाकलाले डबे बडवत होतो. पांदणीनं वरात चालली होती, त्यायचा बँड आलाच नव्हता. नवरदेव घोड्यावरून उतरला अन् आमच्या डब्यावर नाचाले लागला!”

“माय वो! अन् वानरं?”

“पळालेच नाही. वावराच्या धुऱ्यावर रांगेत बसले, गुमान. तवापासून आमचं वाजवणं जिथं असते, तिथल्या घरावर ते आमच्या आधीच येऊन बसतात. ओरडत नाही, कौलं फोडत नाही.”

“त्यायले कोन सांगते?”

“तेच तं समजत नाही. आता आमी घर विचारतच नाही. वानरं पाहाचे अन् ढोल उतरवाचा.”

“आमच्याही टिनावर सकाळपासून बसले हायेत. हालूनच नाही राह्यले.”

“मंग लगन असन तुमच्या घरी.”

“नाही जी. पोरं सारे लहान हायेत.”





“म्हाताऱ्या मानसाच्या मयतीलेही बोलावतात आमाले, मावशी. घरी कोन हाये?”

“सासू. अंगणात ऊन खात बसली हाये. मी वानरायवर गोटा उचलला, तं म्हने, ‘मारू नको वो पोरी. ऐकाले आले ते.’”