दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा मोडेम

तुम्ही नेट जरा अडकलं की कुरकुरता, मी धडगावच्या कम्प्युटर सेंटरमध्ये फोनच्या तारेवरच्या डायल-अप नेटवर दिवस काढलेत! दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रमिला नावाची मुलगी डोंगरातून जीपने सेंटरवर आली. नर्सिंगचा अर्ज पाच वाजायच्या आत ईमेलने जायला हवा होता. चार वाजून गेलेले, आणि मी हौसेने मशीनवर टाकलेल्या लिनक्सला मोडेमच सापडेना.

मोडेमचा दिवा लागलेला, फोनला टोनही येत होता. तरी पडद्यावर एकच उत्तर, मोडेम नाही. सेंटरचे मालक हिराभाऊ माझ्या लिनक्सवरच भडकले, "तुन्हा लिनक्समुये व्हयनं हाई! काल ते बरं चाली ऱ्हायनं व्हतं!"

"सर, मग मी जाऊ का?" रमिलाने हळूच विचारलं.

मशीन बंद करून मी मागून मोडेमची केबल उपसली. जोडणीच्या पिनांवर वाळलेलं हळद-कुंकू, आणि मध्ये अडकलेला तांदळाचा दाणा!

"भाऊ, हे काय?"

"काल पूजा करी ना! समद्या वायरी काढीसन एकेक जागाले कुंकू लावेल शे."

टाचणीने पिना खरवडल्या, केबल जोडली, मशीन चालू केलं. मोडेम नेहमीसारखा किंचाळला, म्हणजे लाइन लागली! अर्ज पाचाला दोन मिनिटं असताना गेला.

मागे वळतो तर रमिला समोरच्या दुकानातून नारळ घेऊन आलेली, आणि भाऊंच्या हातात परत कुंकवाची डबी! मी मोडेम पोटाशी कवटाळून ओरडलो, "नमस्कार लांबूनच करायचा!"