बाईंचं बेसिन

बाई : मला लोणी लावू नकोस. तक्रार मागे घ्यायची नाही म्हणजे नाही. पित्ताशयातले खडे काढायला आणली होती माझी धाकटी बहीण. पाचव्या दिवशी घरी सोडणार होते. एकोणिसाव्या दिवशी आम्ही तिला झाकून नेलं. तुमच्या वॉर्डातून.

सिस्टर : आपल्या वॉर्डातून, बाई. वीस वर्षं तुम्ही हेड सिस्टर होतात तिथं. तुमच्या हाताखालीच शिकले मी.

बाई : आणि तुझ्या हाताखाली कोण शिकलं? ती नवी नर्स, चिमणी! दोन थेंब तळहातावर घ्यायचे, अत्तर लावल्यासारखे चोळायचे, की झाले हात स्वच्छ. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी पाहिलं मी, या डोळ्यांनी. आम्ही कोपरापर्यंत साबण लावायचो. थंडीत बोटांतून रक्त यायचं.

सिस्टर : ते चोळायचं औषधही हात स्वच्छ करतं. आता तसाच नियम आहे.

बाई : घाल चुलीत तुझा नियम. मी नवी होते ना, तेव्हा न्यूमोनियानं निळी पडलेली एक पोर आणली होती. संध्याकाळी इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी उठून बसली आणि माझ्याकडे खायला मागितलं. आम्हाला वाटलं, जिंकलो. आता धाकटीच्या रिपोर्टात बघ. अकरा औषधांची नावं, आणि अकराही नावांपुढे एकच शेरा. लागू पडत नाही.

सिस्टर : सोमवारी चिमणीची चौकशी आहे. तुमच्या पत्रावर तिची नोकरी जाईल. परवानाही जाईल.

बाई : माझी बहीण गेली.

सिस्टर : तो जंतू कुठून आला ते सापडलंय, बाई. तेच सांगायला आले.

बाई : चिमणीच्या हातावर.

सिस्टर : तिच्या हातांचे नमुने तीनदा घेतले. काही नाही. पलंगाचे गज, दारांच्या मुठी, पडदे, ट्रॉली, सगळं तपासलं. बेसिनच्या जाळीखाली सापडला. पाइपात.

बाई : कुठल्या बेसिनच्या?

सिस्टर : तुमच्या.

(बाई चष्मा काढून बाजूला ठेवतात.)

बाई : भांडून बसवून घेतलं होतं मी ते. अधीक्षकांच्या दारात स्टूल टाकून बसले होते. पलंगाशेजारीच पाणी असलं की हात धुवायचा कंटाळा कुणी करणार नाही, म्हणून. रोज घासून घ्यायचे. आरसा झाला पाहिजे म्हणायचे.

सिस्टर : वरून आरसाच होतं. इंजेक्शनच्या बाटलीत उरलेलं औषध आपण कुठं ओतायचो, बाई?

बाई : बेसिनमध्ये. बाटली रिकामी करायची, मगच फोडायला द्यायची. नाहीतर कुणी पाणी भरून पुन्हा वापरायचं. मीच घालून दिलेली शिस्त.

सिस्टर : रोज थोडं थोडं. जंतू मरायला कमी पडेल एवढं, आणि त्यांना सवय व्हायला पुरेल एवढं. वीस वर्षं तुमची, बारा माझी.

बाई : पण पाइपातलं पाइपात राहील. वर कसं येईल?

सिस्टर : नळाची धार सरळ जाळीवर पडते. तपासणाऱ्यांनी पाइपात रंग ओतला आणि नळ सोडला. ठिपके चार नंबरच्या उशीपर्यंत उडाले.

बाई : चार नंबर धाकटीचा.

सिस्टर : हो.

बाई : आणि ड्रेसिंगचा ट्रे? तो कडेलाच असायचा.

सिस्टर : त्याच्यावर सगळ्यांत जास्त.

बाई : चिमणी बेसिनकडे फिरकत नव्हती गं. म्हणून तर मी...

सिस्टर : तिला त्याचा वास यायचा. वॉर्डच्या वहीत दोनदा लिहिलं होतं तिनं. मी सही केली आणि पान उलटलं.

बाई : मग मी धाकटीच्या पलंगाशी खुर्ची टाकून बसायचे. प्रत्येक ड्रेसिंगच्या आधी. माझ्यासमोर धू, पुन्हा धू. ती कुरकुरली की म्हणायचे, नळ मोठा सोड. मोठा सोड म्हणायचे गं मी. चौथ्या दिवशी धाकटीला ताप चढला.

सिस्टर : चिमणीनं सांगितलं मला.

बाई : लेखी जबाबात दिलंय?

सिस्टर : नाही. म्हणाली, त्यांची बहीण गेलीय, कुठं लिहू.

बाई : मग तुमचा तो रिपोर्ट मांडा की समितीपुढे. माझ्या पत्रापाशी काय अडलंय?

सिस्टर : रिपोर्ट अधीक्षकांच्या कपाटात गेला. बेसिन उखडलं, भोक बुजवलं, वर रंगही दिला. एरवी एक बल्ब बदलायला महिना लावतात. दोन वर्षांत चार नंबरवर पाच जण गेलेत, बाई. बेसिनचं नाव निघालं तर दवाखान्याचं निघेल. चिमणीचं निघालं तर एकट्या चिमणीचं. तुमच्या पत्रानं त्यांची सोय झाली.

बाई : सोय. अडतीस वर्षं नोकरी केली, माझ्या एका अर्जाला महिन्याच्या आत उत्तर आलं नाही. या पत्राला दुसऱ्या दिवशी आलं. मला वाटलं, मान ठेवला.

सिस्टर : मलाही तसंच वाटलं होतं.

बाई : चष्मा दे तो. आणि कागद. नुसतं मागे घेते म्हणून भागायचं नाही. बेसिन लिहिते, बाटल्या लिहिते. नळ मोठा सोड, तेही लिहिते.

सिस्टर : तुमचं नाव खराब होईल.

बाई : व्हायचं ते चार नंबरवर होऊन गेलं. बस अशी, वाचून दाखवते. मग पोचतं कर लगेच.

सिस्टर : चिमणीच नेईल. तिच्याबरोबरच आले मी. खाली जिन्यात उभी आहे.

बाई : इतका वेळ? वर का नाही आली?

सिस्टर : घाबरते. म्हणाली, बाई आधी हात धुवायला लावतील.

बाई : बोलाव तिला. सांग... नाही लावणार.